श्रमदानाने ब्रेक लागत नाहीत

एसटीच्या गाड्या नादुरुस्त आहेत, म्हटले की हल्ली एक सोपा तोडगा सुचवला जातो. कॉलेजातली मुले आहेत, आय.टी.आय.ची मुले आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर घ्या, चार दिवस त्यांना आगारात पाठवा. गाड्या पुसतील, रंगवतील, निसटलेले बोल्ट आवळून देतील. विद्यार्थ्यांवर सेवेचा संस्कार, महामंडळाला फुकटचे हात आणि प्रवाशांना सुरक्षित गाडी! सूचना ऐकायला इतकी गोड आहे की तिला विरोध करणारा विघ्नसंतोषीच वाटावा. तो वाईटपणा आम्ही घ्यायचे ठरवले आहे.

विद्यार्थ्यांनी पाना हाती धरायला आमचा मुळीच विरोध नाही. मुलींनी तर तो धरलाच पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे. आमचा विरोध आहे तो 'सेवा' या शब्दाला. प्रवाशाचा जीव सुखरूप राहणे हा हक्क आहे आणि हक्काची वस्तू कोणी दान म्हणून द्यायची नसते. दान देणाऱ्याला हिशेब विचारता येत नाही. म्हणूनच सरकारला आणि महामंडळाला दानाची भाषा एवढी आवडते.

हा प्रश्न स्त्री-चळवळीचा कसा, असे कोणी विचारील. त्यासाठी कोणत्याही मोठ्या गावाच्या थांब्यावर जाऊन उभे राहावे.

थांब्यावर कोण उभे असते?

बुलडाणा जिल्ह्यातले डोणगाव घ्या. मेहकर तालुक्यातले, मेहकरहून मालेगाव-कारंज्याकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावरचे गाव. याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्याच्यावरून मोटारी सुसाट जातात. पण मेहकरच्या कॉलेजात जाणारी मुलगी त्या रस्त्यावर नसते. ती असते जुन्या रस्त्याच्या कडेला, एसटीची वाट पाहत. तिच्या शेजारी दवाखान्याच्या तारखेला निघालेली गरोदर बाई असते. निराधार योजनेचे पैसे आले का, हे बँकेत विचारायला निघालेली म्हातारी असते. बैठकीला बोलावलेली अंगणवाडी सेविका असते, पोटगीच्या खटल्याची तारीख गाठायला निघालेली परित्यक्ता असते.

पुरुष थांब्यावर नसतात असे नाही. पण घरात एक मोटारसायकल असेल तर तिची किल्ली कोणाच्या खिशात असते, हे आपल्याला माहीत आहे. पुरुषाची एसटी चुकली तर तो हात दाखवून कोणाच्याही गाडीवर मागे बसतो, ट्रकमध्ये चढतो. बाईला तसे करता येत नाही. केले तर दुसऱ्या दिवशी गावभर चर्चा होते. म्हणून गाडी बंद पडणे ही पुरुषाच्या बाबतीत गैरसोय असते, बाईच्या बाबतीत ती शिक्षा ठरते. रात्री आठ वाजता आडरानात बंद पडलेल्या गाडीत बसलेल्या मुलीला घरी पोचल्यावर पहिला प्रश्न काय विचारतात? गाडीचे काय झाले, हा नव्हे! 'इतका वेळ कुठं होतीस?' हा. असे दोनतीनदा झाले की शिक्षण थांबते आणि स्थळे पाहणे सुरू होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. या आकड्यामागे गरिबी आहे, जात आहे, हुंडा आहे; आणि न आलेली एसटीही आहे.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ मध्ये तो मिटला. करोनाच्या टाळेबंदीनंतर शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. कर्मचाऱ्यांच्या मागण्या न्याय्य होत्या. मात्र त्या सहा महिन्यांत खेड्यातल्या मुलीच्या शाळेचे काय झाले, याचा हिशेब चर्चेच्या टेबलावर कोणी मांडला नाही. ना सरकारने, ना पुढाऱ्यांनी.

दुरुस्ती म्हणजे नेमके काय?

शिबिराच्या अहवालात 'बस दुरुस्ती' म्हणून जे येते ते बहुधा दिसणारे काम असते. रंग मारला, सीट पुसल्या, पाटी लिहिली. छायाचित्र छान येते. पण माणसे मरतात ती न दिसणाऱ्या बिघाडाने. ब्रेकचे झिजलेले लायनर, हवेची गळती, गुळगुळीत टायर, तुटलेला पाटा, स्टिअरिंगमधला ढिलेपणा. हे काम अनुभवी यांत्रिकाचे आहे. त्यावर वरिष्ठाने तपासून सही करायची असते आणि उद्या काही घडले तर त्या सहीला जाब विचारायचा असतो. चार दिवसांच्या स्वयंसेवकाने ब्रेकला हात लावू नये. लावला आणि अपघात झाला, तर जबाबदार कोण? सेवा करायला आलेला एकोणीस वर्षांचा पोरगा?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. गाडी 'सुरक्षित' आहे हे कोणाच्या शरीरावरून ठरवायचे? आजवर ते पँट घातलेल्या, मोकळ्या हातांच्या, धडधाकट पुरुषाच्या शरीरावरून ठरत आले. नऊवारी नेसलेली, काखेत मूल आणि हातात पिशवी असलेली बाई त्या उंच पायरीवर कशी चढते, हे पाहायला कार्यशाळेतला कोणी थांब्यावर येत नाही. पायरीचा पत्रा फाटला असेल तर त्यात पातळ अडकते. दाराजवळची दांडी हलत असेल तर गरोदर बाई तोल जाऊन पडते. आतला दिवा बंद असेल तर संध्याकाळच्या गाडीत शेजारच्याचा हात कुठे आहे, हे इतरांना दिसत नाही. 'नुसता दिवा गेलाय' असे ज्याला म्हणता येते, त्याने तो अंधार कधी अंगावर घेतलेला नसतो.

२५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकाच्या आवारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. त्यानंतर आगारांत पडून असलेल्या भंगार गाड्या हलवण्याचे आदेश निघाले. त्याआधी त्या गाड्या तिथे कोणाला दिसत नव्हत्या काय? उघड्या दाराची, अंधारी, विनापहारा गाडी ही बाईसाठी किती धोक्याची असते, हे कळायला एका मुलीची किंमत मोजावी लागली. दाराचे कुलूप, आतला दिवा, आवारातला उजेड यांची गणना तोवर 'दुरुस्ती'त होतच नव्हती.

सिंदखेडराजाजवळचा अपघातही आपल्या जिल्ह्यातलाच. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली एक खाजगी बस समृद्धी महामार्गावर उलटून पेटली आणि २५ जण जळून मेले. गाडी दाराच्या बाजूवर पडल्याने दार दबले गेले. जे वाचले ते खिडकीची काच फोडून बाहेर आले. ती गाडी एसटीची नव्हती, पण धडा प्रत्येक गाडीला लागू आहे. 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' अशी अक्षरे आपल्या एसटीत वर्षानुवर्षे रंगवलेली असतात. तो मार्ग उघडतो का? आतून, एका हाताने, बाईच्या ताकदीने उघडतो का? अक्षरे नव्याने रंगवून घ्यायला विद्यार्थी बोलवाल. खटका गंजला आहे का, ते कोण पाहणार?

सेवा कोणाची, जबाबदारी कोणाची?

महामंडळाची गाडी ही काही कोणाची मेहेरबानी नव्हे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून लोकांच्या तिकिटाच्या आणि कराच्या पैशांवर ही सेवा चालली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ नुसार प्रवासी गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. सदोष गाडी चालवणे हा कलम १९० खाली गुन्हा आहे. म्हणजे गाडी धड ठेवणे हे कायद्याने नेमून दिलेले काम आहे. ते काम करायला पगारी माणसे हवीत, सुटे भाग हवेत, वेळ हवा. एके काळी एसटीच्या ताफ्यात अठरा हजारांवर गाड्या होत्या. करोना आणि संपानंतर तो आकडा पंधरा हजारांच्या आसपास आला. गाड्या कमी झाल्या की उरलेल्यांना जास्त फेऱ्या पडतात, कार्यशाळेत उभे राहायला त्यांना सवड मिळत नाही. जुलै २०२३ मध्ये गडचिरोलीत छताचा पत्रा उडत असलेली एसटी रस्त्यावरून धावताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. ती काही विद्यार्थ्यांच्या सेवाभावाअभावी तशी झालेली नव्हती!

खरे तर एसटीच्या कार्यशाळेत विद्यार्थी नवे नाहीत. आय.टी.आय. झालेले मोटर मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक, वेल्डर, इलेक्ट्रिशियन शिकाऊ उमेदवार म्हणून वर्षानुवर्षे आगारांत राबत आले आहेत. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ मध्ये त्यांच्यासाठी काही तरतुदी आहेत. विद्यावेतन द्यावे लागते. २०१९ च्या नियमदुरुस्तीने आय.टी.आय. प्रमाणपत्रधारकाला ते दरमहा किमान ७ हजार ठरले. कामाचे तास ठरलेले आहेत. इजा झाली तर कलम १६ नुसार भरपाईची जबाबदारी मालकावर येते. हा कायदा काही फार उदार नाही. कलम १८ सांगते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. म्हणजे कामगार कायद्यांचे संरक्षण त्याला नाही. वर्षभर राबवून घेऊन हातात प्रमाणपत्र देऊन बोळवण करायची, हा त्याचा नेहमीचा शेवट.

आता या पायरीच्याही खाली आणखी एक पायरी खणली जात आहे. तिचे नाव 'स्वयंसेवक'. त्याला विद्यावेतन नाही, भरपाई नाही, तास नाहीत. कायम कामगाराच्या जागी शिकाऊ, शिकाऊच्या जागी स्वयंसेवक! हा उतार आपण बायकांनी फार जवळून पाहिला आहे. आशा सेविकेला सरकारने 'स्वयंसेविका' म्हटले आणि पगाराऐवजी मोबदला दिला. अंगणवाडी सेविकेला 'मानधन' दिले, वेतन नाही. घरात तर आपण जन्मभराच्या स्वयंसेविका! ज्या कामाला 'सेवा' म्हणतात त्याचे दाम बुडवायचे असते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर, अशी तिची बांधणी. शिक्षणाला समाजाशी जोडण्याचा तिचा हेतू चांगलाच होता. ज्यांच्या नावाचे विद्यापीठ अमरावतीत आहे आणि बुलडाण्याची कॉलेजे ज्याला जोडलेली आहेत, त्या गाडगेबाबांनी स्वतः झाडू हाती घेतला. पण झाडता झाडता ते लोकांना प्रश्न विचारत. आजच्या शिबिरात झाडू उरला, प्रश्न विचारणे गेले.

मुलींच्या हाती काय दिले जाते?

अशा शिबिरांत कामाची वाटणी कशी होते, ते वेगळे सांगायला नको. मुलगे गाडीखाली शिरतात, मुली सीटची खोळ शिवतात. मुलगे जॅक लावतात, मुली फरशी पुसतात आणि समारोपाला रांगोळी काढतात. घरातली वाटणी आगारात जशीच्या तशी!

हे शिबिरापुरते नाही. आय.टी.आय.मध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असूनही शिवणकाम, सौंदर्य प्रसाधन, संगणक चालवणे याच अभ्यासक्रमांकडे मुलींना वळवले जाते. मोटर मेकॅनिकला नाव घालू म्हटले तर 'हात काळे होतील, लग्नाचं काय?' हे मास्तरही म्हणतात आणि मावशीही. चुलीच्या काजळीने हात काळे झालेले चालतात. ग्रीसने झालेले चालत नाहीत. कारण चुलीचे कोणी पैसे देत नाही, ग्रीसचे देतात.

याच जिल्ह्यातल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री पुरुष तुलना' लिहून पुरुषांना रोखठोक जाब विचारला होता. ती तुलना आज कार्यशाळेत करायला हवी. बाईला यंत्र कळत नाही, म्हणतात. शिवणयंत्राचा पट्टा, गिरणीचे जाते, विहिरीवरची मोटर कोण चालू ठेवते? १९९३ मध्ये तामिळनाडूत वसंतकुमारी सरकारी बसच्या चालक झाल्या. महाराष्ट्रात एसटीचे स्टिअरिंग बाईच्या हाती यायला २०२३ साल उजाडले. तीस वर्षे! काही आगारांत आज बाया यांत्रिक म्हणून काम करतात. आठ मार्चला त्यांचे फोटो छापून येतात. नऊ मार्चला त्यांना कपडे बदलायला खोली आणि वापरता येईल असे स्वच्छतागृह आहे का, हे कोणी विचारत नाही.

मग विद्यार्थ्यांनी काहीच करू नये?

जरूर करावे. केरळात राष्ट्रीय सेवा योजनेच्या तंत्रशिक्षण विभागाचे विद्यार्थी सरकारी रुग्णालयांतली बंद पडलेली उपकरणे आणि खाटा दुरुस्त करतात. 'पुनर्जनी' या नावाने हा उपक्रम ओळखला जातो. तंत्र शिकणाऱ्यांनी शिकलेले तंत्र, शिक्षकांच्या देखरेखीखाली, सार्वजनिक वस्तूसाठी वापरणे ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न एवढाच, की त्याआडून कोणाची जबाबदारी तर निसटत नाही ना?

आमच्या मते विद्यार्थ्यांकडून घेण्याजोगे सर्वांत मोलाचे काम रंगकाम नव्हे, ते तपासणीचे आहे. रोज त्याच गाडीने जाणाऱ्या मुलीइतकी ती गाडी कोणाला ठाऊक असते? कोणती खिडकी बंद होत नाही, कोणत्या पायरीचा पत्रा वर आला आहे, कोणता दिवा महिनाभर लागलेला नाही, संकटकाळचा दरवाजा कधी उघडून पाहिला होता का, हे तीच सांगू शकते. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी गाड्यांना संकटात दाबायचे बटण बसवणे आवश्यक झाले. ते बटण दाबले तर पलीकडे कोणी ऐकते का? हे तपासायला इंजिनियर लागत नाही, अधिकार लागतो. तो अधिकार मुलींना द्या.

'बायकांना अर्ध्या तिकिटात नेतो, वर तक्रारी?' हे वाक्य आता थांब्यावर ऐकू येते. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत मिळाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी सवलतींमुळे रोज सुमारे तीन कोटींचा तोटा होत असल्याचे सांगितले. सवलत बंद होणार नाही, असा खुलासा नंतर सरकारला करावा लागला. बायांनो, हा डाव ओळखा. एसटीचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेला आहे. ही सवलत सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून तो साचत आला आहे. सवलतीची रक्कम शासनाने महामंडळाला भरून द्यायची आहे. ती वेळेवर मिळाली नाही तर तो दोष शासनाचा, प्रवासी बाईचा नव्हे. अर्धे तिकीट म्हणजे अर्धी सुरक्षितता नव्हे. अर्ध्या तिकिटाच्या बाईचा जीव पुरा असतो.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. ब्रेक, टायर, स्टिअरिंग अशी सुरक्षिततेची कामे प्रशिक्षित, पगारी यांत्रिकांकडूनच व्हावीत. त्यांच्या रिकाम्या जागा भराव्यात.

२. आगारात काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकाऊ उमेदवाराचा दर्जा, विद्यावेतन आणि इजेपासून संरक्षण मिळावे. स्वयंसेवक म्हणून फुकट राबवून घेऊ नये.

३. शिकाऊ उमेदवारांत किमान ३० टक्के मुली असाव्यात. त्यांच्यासाठी स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची खोली आणि मापाचे बूट-कपडे असावेत. कामाची वाटणी लिंगावरून होऊ नये.

४. आतले दिवे, दार, पायरी, दांडी, संकटकाळचा मार्ग आणि मदतीचे बटण यांतला बिघाड हा सुरक्षिततेचा बिघाड मानावा. तो दुरुस्त झाल्याशिवाय गाडी सुटू नये.

५. प्रत्येक आगारात प्रवासी स्त्रिया आणि विद्यार्थिनी यांची तपासणी समिती असावी. तिच्या नोंदी फलकावर लागाव्यात.

यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहायला नको. बुलडाणा विभागात बुलडाणा, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, जळगाव जामोद आणि शेगाव अशी सात आगारे आहेत. प्रत्येक आगाराच्या हद्दीत आपल्या एखाद्या गटाने, बचत गटाने किंवा कॉलेजातल्या मुलींनी एक वही घालावी. गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ, बिघाड. चार रकाने पुरेत. महिनाभराच्या नोंदी घेऊन आगार व्यवस्थापकाकडे जावे आणि लेखी पोच घ्यावी. जुलै २०२४ मध्ये महामंडळाने 'प्रवासी राजा दिन' सुरू केला, तो अधिकाऱ्यांनी आगारात बसून प्रवाशांच्या तक्रारी ऐकाव्यात म्हणूनच. त्या 'राजा'ने किती राण्यांचे ऐकले, हेही एकदा विचारू. उत्तर आले नाही तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली त्या गाड्यांची योग्यता प्रमाणपत्रे आणि दुरुस्तीच्या नोंदी मागाव्यात. चालक-वाहक आणि यांत्रिक आपले शत्रू नाहीत. बिघाड लिहून देऊनही तीच गाडी पुन्हा हाती मिळते, हे दुखणे त्यांचेही आहे. त्यांच्या संघटनांना सोबत घ्यावे.

डोणगावच्या आणि आसपासच्या मैत्रिणींनी ही वही घालायला सुरुवात करावी, अशी आमची विनंती आहे. तीन महिन्यांच्या नोंदी आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात गाडीच्या क्रमांकासह छापू. आणि शिबिरवाले पुन्हा रंगाचा डबा घेऊन आले, तर मुलींनी डबा बाजूला ठेवून आधी गाडीचे योग्यता प्रमाणपत्र दाखवायला सांगावे.